कारखान्याच्या फाटकावरचे हस्तांदोलन

निवडणुकीचा हंगाम आला की लोकशाही देशांतील वृत्तपत्रांत एक ठराविक छायाचित्र हमखास झळकते. कोटाच्या बाह्या किंचित वर सारलेला उमेदवार, त्याच्यासमोर कामाच्या कपड्यांतील कामगार, दोघांचे हात एकमेकांत आणि मागे चिमणी किंवा कारखान्याचे फाटक. देश बदलतो, पक्ष बदलतो, उमेदवार तर प्रत्येक वेळी नवा असतो. छायाचित्र मात्र तेच राहते. काही वर्षांनी नेत्याचे नाव इतिहासात जाते आणि त्याचा हात हाती घेणाऱ्या माणसाची नोंद चित्राखालच्या ओळीत ‘एक कामगार’ एवढीच उरते.

हे सारे नाटक आहे, असे म्हणून या चित्राकडे पाठ फिरविणे सोपे आहे. परंतु ते पुरेसे नाही. अशा काही हस्तांदोलनांनंतर खरोखरच कायदे झाले आणि उपाशी घरांत धान्य पोहोचले. काहींनंतर काहीच झाले नाही. हा फरक कशामुळे पडला, याचे उत्तर नेत्याच्या मुद्रेवरील भावात सापडत नाही. तो कामगाराला कोठे भेटला, त्या जागी त्याला कोणी बोलाविले होते आणि हात सोडल्यानंतर जाब विचारण्याची ताकद कामगाराजवळ होती की नव्हती, यांत ते सापडते. ज्या देशात ही छायाचित्रे सर्वाधिक निघाली त्या अमेरिकेचा या बाबतीतला इतिहास म्हणूनच उद्बोधक आहे.

दाराशी आलेले कामगार

१८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन आगगाडीने देशभर फिरत होते. त्यांचे प्रतिस्पर्धी विल्यम मॅकिन्ले मात्र ओहायो राज्यातील कँटन या आपल्या गावीच राहिले. रेल्वे कंपन्यांनी सवलतीचे दर लावले आणि शेतकरी, व्यापारी, पोलाद कारखान्यांतील कामगार अशा व्यवसायवार शिष्टमंडळांची रीघ मॅकिन्ले यांच्या घराकडे लागली. त्या हंगामात सुमारे साडेसात लाख लोक तेथे येऊन गेले असे सांगतात. ओसरीवरून ते भाषण करीत आणि लोक टाळ्या वाजवून परत जात. शिष्टमंडळाच्या म्होरक्याने काय बोलावे, हेही आधी तपासून घेतले जात असे. मॅकिन्ले निवडून आले.

या व्यवस्थेत कामगार हजर होता, परंतु तो आणलेला होता. बोलण्याचा मजकूर तपासलेला होता आणि अंगण उमेदवाराचे होते. अशा ठिकाणी कामगाराला प्रश्न विचारता येत नाही. विचारावासा वाटला तरी परतीची गाडी वाट पाहात असते.

नेता फाटकाशी येतो

हे चित्र पालटावयास महामंदी यावी लागली. ऑक्टोबर १९३२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा खाणकामगाराशी हस्तांदोलन करणाऱ्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९२१ मधील आजारानंतर रूझवेल्ट यांना आधाराशिवाय चालता येत नसे. त्यामुळे प्रचारदौऱ्यात उघडी मोटार हेच पुष्कळदा त्यांचे व्यासपीठ असे. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील दर चार कामकऱ्यांपैकी जवळजवळ एक बेकार होता. अशा वेळी मतदार घराशी येईल, म्हणून कोणत्याही उमेदवाराला ओसरीवर बसून राहता येणार नव्हते.

त्या हस्तांदोलनानंतर काय घडले हे नोंदलेले आहे. १९३३ च्या औद्योगिक पुनरुत्थान कायद्यात कामगारांचा संघटनेचा हक्क मान्य झाला. १९३५ मध्ये वॅग्नर कायद्याने तो हक्क अधिक पक्का केला आणि संघटनेशी वाटाघाटी करण्याचे बंधन मालकावर घातले. पण कायदा कागदावर येताच कारखान्यांची फाटके उघडली, असे नाही. मिशिगनमधील फ्लिंट येथे जनरल मोटर्सच्या कामगारांनी डिसेंबर १९३६ च्या अखेरीस यंत्रांजवळच ठाण मांडले आणि ४४ दिवसांनी, फेब्रुवारी १९३७ मध्ये, कंपनीने त्यांच्या संघटनेला मान्यता दिली. कायद्याने दार दाखविले. ते ढकलण्याचे काम कामगारांनाच करावे लागले.

जागेचे महत्त्व किती असते, याचा एक प्रसंग याच काळातला आहे. तो निवडणुकीचा नाही, तरी येथे आठवण्याजोगा आहे. रूझवेल्ट यांच्या मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील होमस्टेड या पोलादनगरीत गेल्या होत्या. सभागृहाबाहेर राहिलेल्या कामगारांना त्यांनी भेटू नये, असा तेथील नगरप्रमुखांचा आग्रह होता. सभागृह नाही, उद्यानही नाही, असे ठरल्यावर पर्किन्सबाईंना समोर टपाल कचेरीवरचा राष्ट्रध्वज दिसला. ती इमारत संघराज्य सरकारची होती. त्या कामगारांना घेऊन तेथे गेल्या आणि त्यांचे म्हणणे त्यांनी तेथे ऐकून घेतले. ज्या नगरात जवळजवळ सर्व काही पोलाद कंपनीच्या छायेखाली होते, तेथे कामगार आणि मंत्री यांना मोकळेपणी बोलण्यासाठी सार्वजनिक मालकीची जमीन शोधावी लागली.

फाटकाचे महत्त्व हेच आहे. फाटकाच्या आत मालकाची सत्ता, बाहेर सार्वजनिक रस्ता. पाळी सुटते तेव्हा अर्ध्या तासात शेकडो माणसे तेथून बाहेर पडतात. कोणाच्या हातात रिकामा डबा असतो, कोणाला घरी जाण्याची घाई असते. उमेदवाराला प्रत्येकामागे दोन क्षण मिळतात. कामगाराने हात पुढे करावा, टोमणा मारावा किंवा मान फिरवून चालू लागावे. त्याच्या पगारातून काहीही कापले जात नाही. नकार देण्याची मोकळीक आहे, म्हणूनच तेथील होकाराला किंमत आहे.

वेस्ट व्हर्जिनियाचा धडा

फाटकावरच्या प्रचाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९६० मधील आहे. डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळविण्यासाठी जॉन केनेडी यांना पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका जिंकावयाच्या होत्या. विस्कॉन्सिनच्या थंडीत ते कारखान्यांच्या फाटकांशी उभे राहिले आणि तेथून वेस्ट व्हर्जिनियात गेले. हे राज्य बहुतांशी प्रॉटेस्टंट, केनेडी कॅथलिक. राज्य गरीब, केनेडी कोट्यधीशाचे चिरंजीव. पाळी बदलताना खाणकामगारांच्या घोळक्यात उभे असलेले, डोक्याला दिवा लावलेल्या माणसांचे म्हणणे ऐकणारे केनेडी, अशी त्या प्रचाराची छायाचित्रे पुढे जगभर पाहिली गेली. १० मे १९६० रोजी त्यांनी ह्यूबर्ट हंफ्री यांचा सुमारे ६१ टक्के मते मिळवून पराभव केला. त्या प्रचारात केनेडी घराण्याचा पैसाही मुबलक खर्च झाला, हे विसरून चालणार नाही.

या छायाचित्रांत न दिसणारी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. १९५० ते १९६० या दहा वर्षांत वेस्ट व्हर्जिनियातील खाणकामगारांची संख्या निम्म्याहून खाली आली होती. कोळसा काढणारी नवी यंत्रे खाणीत उतरली आणि माणसे वर आली, ती पुन्हा खाली गेलीच नाहीत. छायाचित्रात आले ते काम असलेले कामगार. ज्यांचे काम गेले होते ते घरी बसून सरकारी शिलकी धान्याच्या वाटपावर दिवस काढीत होते.

केनेडी यांनी या लोकांचे स्मरण ठेवले, हे मान्य करावयास हवे. अध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, २१ जानेवारी १९६१ रोजी, त्यांनी काढलेला पहिला आदेश गरजू कुटुंबांना मिळणाऱ्या धान्याचे प्रमाण आणि प्रकार वाढविण्याचा होता. त्याच वर्षी मे महिन्यात अन्नकुपनांची प्रायोगिक योजना सुरू झाली, ती याच राज्यातील मॅक्डॉवेल परगण्यात. १९६४ मध्ये त्या प्रयोगाचा देशव्यापी कायदा झाला. निवडणुकीच्या छायाचित्रापासून सरकारी राजपत्रापर्यंतचा मार्ग इतका सरळ दिसावा, अशी उदाहरणे फार थोडी आहेत.

तथापि या यशालाही मर्यादा होती. धान्य आले, काम आले नाही. १९५० च्या जनगणनेत मॅक्डॉवेल परगण्याची लोकसंख्या सुमारे ९९ हजार होती. २०२० मध्ये ती सुमारे १९ हजार उरली. राज्यसंस्थेने भूक भागविली, पण खाणीत कोणते यंत्र केव्हा आणावे आणि किती माणसे कमी करावीत, हा निर्णय मालकाच्याच कचेरीत राहिला. त्या कचेरीत छायाचित्रकारांना कोणी बोलावीत नसते.

कामगार चौकटीबाहेर

यानंतरच्या काळात कामगार हळूहळू चित्राच्या मध्यभागातून कडेला गेला. या बदलाची चाहूल आधीच लागली होती. १९५२ च्या कामगारदिनी डेमोक्रॅटिक उमेदवार अॅडलाय स्टीव्हन्सन फ्लिंट येथे व्यासपीठावर पायावर पाय टाकून बसले असताना स्थानिक वृत्तपत्राचे छायाचित्रकार विल्यम गॅलघर यांनी त्यांचे छायाचित्र टिपले. स्टीव्हन्सन यांच्या उजव्या बुटाच्या तळाला पडलेले भोक त्यात स्पष्ट दिसत होते. या छायाचित्राला १९५३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, बुटाच्या तळाच्या आकाराची पदके प्रचारात वाटली गेली आणि सुखवस्तू घराण्यातील एक वकील कष्टकऱ्यांचा प्रतिनिधी ठरला. ज्या फ्लिंटमध्ये ४४ दिवसांचा लढा झाला त्याच नगरातील हे छायाचित्र; पण कामगारदिनाच्या या सर्वांत प्रसिद्ध चित्रात लोकांचे लक्ष वेधून घेतले ते एका बुटाने. झिजणे कामगाराचे, ते दिसले उमेदवाराच्या पायात.

सप्टेंबर १९८८ मध्ये हीच गोष्ट टोकाला गेली. डेमोक्रॅटिक उमेदवार मायकेल डुकाकिस हे मिशिगनमधील स्टर्लिंग हाइट्स येथे जनरल डायनॅमिक्सच्या रणगाडा कारखान्यात गेले आणि शिरस्त्राण घालून रणगाड्यातून फिरले. संरक्षणाच्या प्रश्नावर आपण खंबीर आहोत, हे त्यांना दाखवावयाचे होते. विरोधकांनी त्याच दृश्याचा उपयोग करून त्यांना हास्यास्पद ठरविले. त्याच महिन्यात रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश हे न्यू जर्सीतील राष्ट्रध्वज बनविणाऱ्या कारखान्यात गेले. निवडणुकीत बुश यांनी पन्नासपैकी चाळीस राज्ये जिंकली. रणगाडा कोणाला शोभला आणि ध्वज कोणाला, यावर अमेरिकेत पुष्कळ चर्चा झाली. रणगाडा जोडणाऱ्या आणि ध्वज शिवणाऱ्या माणसांना काय वेतन मिळत होते, हा प्रश्न दोन्ही चित्रांच्या बाहेर राहिला. उमेदवार फाटक ओलांडून आत गेला आणि त्याबरोबर कारखाना रंगमंच झाला, कामगार नेपथ्य झाला.

ऑगस्ट २०१२ मध्ये ओहायो राज्यातील एका कोळसा खाणीवर रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांची सभा झाली. मागे खाणकामगारांच्या रांगा उभ्या होत्या. त्या दिवशी खाण बंद ठेवण्यात आली होती आणि त्या दिवसाचे वेतन कामगारांना मिळाले नाही, अशी वृत्ते नंतर प्रसिद्ध झाली. उपस्थिती आवश्यक होती, पण सक्ती कोणावर नव्हती, असा खुलासा खाणीच्या एका अधिकाऱ्याने केला. या दोन विधानांचा मेळ कसा घालावयाचा, हे ज्याची नोकरी त्या खाणीवर अवलंबून आहे त्यालाच विचारावे. १८९६ मध्ये सवलतीच्या गाडीने कँटनला नेलेले कामगार आणि २०१२ मध्ये बिनपगारी उभे राहिलेले कामगार यांच्यातील अंतर शंभराहून अधिक वर्षांचे असले, तरी फार मोठे नाही.

या दोन टोकांमध्ये जो फाटकावरच्या हस्तांदोलनाचा काळ आला, तो अमेरिकेत कामगार संघटनांच्या भरभराटीचाही काळ होता. १९५० च्या दशकाच्या मध्यास तेथील नोकरदारांपैकी सुमारे एक तृतीयांश संघटनांचे सभासद होते. १९८३ मध्ये हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आले आणि २०२४ मध्ये १० टक्क्यांच्याही किंचित खाली गेले. उमेदवारांच्या स्वभावात या काळात फार फरक पडला असे मानण्याचे कारण नाही. फाटकातून बाहेर पडणारा माणूस एकटा आहे की त्याच्या पाठीशी संघटना आहे, एवढे उमेदवाराला चांगले समजते. हात किती घट्ट धरावयाचा हे तो त्यावरून ठरवितो.

फ्रान्समधील दोन प्रसंग

हा अनुभव एकट्या अमेरिकेचा नाही. फ्रान्समध्ये अलीकडे घडलेले दोन प्रसंग या दृष्टीने एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. २४ फेब्रुवारी २०१२ रोजी समाजवादी उमेदवार फ्रान्स्वा ओलांद लोरेन भागातील फ्लोरांज येथे गेले. आर्सेलर-मित्तल कंपनीच्या तेथील झोतभट्ट्या थंडावल्या होत्या. कामगार संघटनांच्या मोटारीच्या टपावर उभे राहून ओलांद यांनी आश्वासन दिले की, एखादी कंपनी आपला कारखाना चालवू इच्छित नसेल, तर तो दुसऱ्या योग्य ग्राहकाला देण्याचे बंधन घालणारा कायदा करू. मे महिन्यात ते अध्यक्ष झाले. नोव्हेंबरमध्ये सरकारने कंपनीशी समझोता केला. सक्तीची कपात टळली, पण भट्ट्या वाचल्या नाहीत आणि २०१३ मध्ये त्या कायमच्या बंद झाल्या. कायदा २०१४ मध्ये झाला खरा, परंतु घटना परिषदेने त्यातील दंडाची तरतूद काढून टाकली.

फ्लोरांजचे कामगार मात्र विसरले नाहीत. मोडलेल्या वचनाची आठवण देणारी शिला त्यांनी एप्रिल २०१३ मध्ये तेथे उभारली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अध्यक्ष ओलांद यांना त्यांच्यासमोर पुन्हा यावे लागले आणि पुढेही ते येत राहिले. भट्टी पेटली नाही, पण हिशेब द्यावा लागला. मोटारीचा टप कामगारांचा होता, यालाही काही अर्थ होता.

दुसरा प्रसंग २६ एप्रिल २०१७ चा, आमियां शहरातील व्हर्लपूलच्या कारखान्याचा. कपडे वाळविणारी यंत्रे तेथे बनत आणि ते उत्पादन पोलंडमध्ये हलविण्याचा निर्णय कंपनीने जाहीर केला होता. अध्यक्षीय निवडणुकीची अंतिम फेरी तोंडावर होती. एमॅन्युएल मॅक्रॉन शहरातील व्यापार मंडळाच्या इमारतीत कामगार प्रतिनिधींशी चर्चा करीत असताना त्यांच्या प्रतिस्पर्धी मरीन ल पेन अचानक कारखान्याशी पोहोचल्या, कामगारांबरोबर छायाचित्रे काढून घेतली आणि आपण निवडून आल्यास कारखाना बंद होणार नाही, असे सांगून निघून गेल्या. दुपारी मॅक्रॉनही तेथे आले. त्यांना शिट्ट्या आणि हुर्यो सोसावी लागली. कारखाना बंद होणारच नाही, असे वचन देण्यास त्यांनी नकार दिला. निवडून ते आले. २०१८ मध्ये तेथील उत्पादन थांबले आणि जागा घेणाऱ्या स्थानिक उद्योजकाचा प्रयत्नही २०१९ मध्ये फसला.

आमियांच्या फाटकाशी दोन्ही उमेदवार आले होते. एकाने सोपे वचन दिले, दुसऱ्याने कटू सत्य सांगितले. कामगारांच्या वाट्याला शेवटी तेच आले. फाटकावर येणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही, हा या प्रसंगाचा अर्थ आहे. कारखाना उचलून परदेशी नेण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, ते निवडणुकीला उभे नसतात.

गिरणगावची साक्ष

मराठी वाचकाला हे सारे परके वाटू नये. मुंबईच्या गिरणगावात फाटक हीच राजकारणाची शाळा होती. भोंगा झाला, पाळी सुटली की द्वारसभा भरे आणि बोलणारा पुढारी पाहुणा नसे. फाटकावरची माणसे त्याला रोज पाहात असत. गिरणी कामगारांच्या संघटनेतून पुढे आलेल्या श्रीपाद अमृत डांगे यांना मध्य मुंबईने १९५७ मध्ये लोकसभेत पाठविले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि १९८४ च्या अखेरीस, देशभर काँग्रेसची लाट असताना, संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत मुंबई दक्षिण-मध्य मतदारसंघातून विजयी झाले. त्या मतदानाला कामगारांच्या निष्ठेचा पुरावा म्हणावयास हरकत नाही.

पण खासदार निवडून आला आणि गिरण्या उठल्या नाहीत. जमिनीला सोन्याचा भाव आला, धोटे थंडावले आणि चिमण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. नेता कामगारांतला असला तरी गिरणी चालवावी की जमीन विकावी, हे ठरविणारे टेबल त्याच्या हाताला लागत नाही, हा धडा गिरणगावाने भारी किंमत देऊन घेतला आहे.

तेव्हा निवडणुकीत असे छायाचित्र पुढे आले, तर त्यावर लुब्ध होण्याचे कारण नाही आणि ते फेकून देण्याचेही नाही. ते पुराव्यादाखल जपून ठेवावे. भेट फाटकाबाहेर झाली की आत, कामगार आपणहून आले की आणले गेले, त्या दिवसाची हजेरी लागली की कापली गेली आणि हात सोडताना उमेदवाराने नेमके काय कबूल केले, याची नोंद चित्राखाली हवी. वृत्तपत्रांनीही मतमोजणी आटोपल्यानंतर एका वर्षाने त्याच फाटकाशी छायाचित्रकार पाठवावा. तेथे पाळी अजून सुटते की कुलूप लागले आहे, एवढेच दाखविणारे दुसरे छायाचित्र पहिल्याशेजारी छापले, तर मतदाराला वेगळ्या अग्रलेखाची गरज भासणार नाही.